तिलापियाच्या वाणांची तुलना: वाढ समान वयाला, पोषणमूल्य समान वजनाला

दोन वाणांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) दोन तळ्यांत सोडली, सहा महिन्यांनी जाळे ओढले आणि ज्या तळ्यातले मासे मोठे निघाले तो वाण सरस ठरवला, अशी तुलना दिसायला सरळ असली तरी तिच्यातून वाणाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. त्या निकालात तळ्याचा गुण असतो, बीजाच्या वयातला फरक असतो, नरांचे प्रमाण असते, खाद्य किती पडले आणि किती खाल्ले गेले हेही असते. वाणाचा वाटा या सगळ्यातून वेगळा काढावा लागतो. पोषणमूल्याच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो, कारण मासा जसा वजनाने वाढतो तशी त्याच्या अंगातली चरबीही वाढते. वेगाने वाढणारा वाण आणि सावकाश वाढणारा वाण एकाच दिवशी काढले, तर पहिल्याचे मासे मोठे असतात आणि मोठे असतात म्हणूनच बऱ्याचदा अधिक चरबीचे असतात. म्हणून पुढील सर्व मांडणी एका नियमाभोवती केली आहे: वाढीची तुलना समान वयाला करावी, पोषणमूल्याची समान वजनाला, आणि दोन्हींची सोय बीज सोडण्यापूर्वीच करून ठेवावी, कारण मासे काढून झाल्यावर ती करता येत नाही.

पहिली पायरी: वाणाची खात्री

तिलापिया या एका नावाखाली अनेक जाती येतात. संवर्धनात सर्वाधिक वापरली जाते ती नाइल तिलापिया, म्हणजे ओरिओक्रोमिस निलोटिकस. तिच्याखेरीज थंडी अधिक सोसणारी निळी तिलापिया, खारे पाणी सोसणारी पण सावकाश वाढणारी मोझांबिक तिलापिया आणि अशा जातींच्या संकरांतून आलेली लाल तिलापिया आहे. आपण दोन जातींची तुलना करत आहोत की एकाच जातीतील दोन वाणांची, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे.

नाइल तिलापियाचा सर्वांत परिचित सुधारित वाण म्हणजे गिफ्ट, म्हणजेच ‘जेनेटिकली इम्प्रूव्हड फार्मड तिलापिया’. १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये इक्लार्म या संस्थेने, जी आता वर्ल्डफिश म्हणून ओळखली जाते, नॉर्वेतील अकवाफोर्स्क आणि फिलिपिन्समधील संस्थांच्या साहाय्याने हे काम सुरू केले. इजिप्त, घाना, केनिया व सेनेगल येथील नैसर्गिक पाण्यातील चार समूह आणि इस्राएल, सिंगापूर, तैवान व थायलंड येथील पाळीव चार समूह एकत्र करून पायाभूत कळप तयार झाला आणि पुढे पिढ्यानपिढ्या चांगल्या कुटुंबांतील चांगले मासे निवडून वाढीत दर पिढीला साधारण १० ते १५ टक्के सुधारणा मिळवली गेली. ही सारी निवड पद्धत होती. बाहेरचे जनुक त्यात घातलेले नाही, तरी नावातील ‘जेनेटिकली’ या शब्दामुळे तसा गैरसमज अजून टिकून आहे. याउलट चित्रलाडा हा वाण १९६५ मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी थायलंडचे राजे भूमिबोल यांना भेट दिलेल्या माशांपासून आला. इजिप्तमधील अब्बासा आणि घानातील अकोसोम्बो हे वाण तेथील स्थानिक समूहांतून निवड करून तयार झाले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की ‘गिफ्ट’ हा शब्द आता अनेक बीजकेंद्रांच्या पाटीवर असतो, पण पिढी कोणती, मूळ कळप कोठून आला आणि मधल्या काळात त्यात मोझांबिक तिलापियाचे रक्त मिसळले का, हे पाटी सांगत नाही. बीज घेताना मूळ स्रोत, पिढीचा क्रमांक आणि जनक माशांची संख्या लेखी घ्यावी व प्रत्येक वाणाच्या काही माशांच्या परांचे तुकडे अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए तपासणीची सोय ठेवावी. जनकांची संख्या तर विशेष महत्त्वाची आहे. एका वाणाचे सगळे बीज दोन-तीन माद्यांचेच असेल, तर तुलना वाणांची न होता दोन-तीन कुटुंबांची होते. प्रत्येक वाणासाठी किमान २५ ते ३० जोड्यांचे बीज सारख्या प्रमाणात मिसळून घ्यावे.

दुसरी पायरी: एकाच वयाचे बीज आणि नर-मादींचा प्रश्न

नाइल तिलापियाची मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, आणि सगळ्या माद्या एकाच दिवशी अंडी घालत नाहीत. त्यामुळे सर्व वाणांच्या माद्यांच्या तोंडातील अंडी पाच ते सात दिवसांच्या एकाच अवधीत गोळा करून, एकाच तापमानाच्या पाण्यात उबवावीत. पाणी एक-दोन अंशांनी जरी वेगळे असले तरी पिल्लांच्या वयात प्रत्यक्षात काही दिवसांचा फरक पडतो, आणि बालवयातले काही दिवस काढणीच्या वेळी बऱ्याच ग्रॅमचे होतात.

येथे एक मोह टाळावा लागतो. प्रयोग सुरू करताना सर्व टाक्यांतील सरासरी वजन सारखे दिसावे म्हणून वेगाने वाढणाऱ्या वाणातील मोठी बोटुकली काढून टाकली जातात. कागदावर हे नेटके दिसते, परंतु त्यामुळे त्या वाणातील उत्तम मासेच बाद होतात आणि ज्या गुणाची परीक्षा घ्यायची तोच आधी कापला जातो. वय सारखे ठेवावे, प्रतवारी न करता कळपातून जसे हाती येतील तसे मासे घ्यावेत आणि सुरुवातीच्या वजनातील फरक हिशेबात घ्यावा.

तिलापियात नर मादीपेक्षा स्पष्टपणे वेगाने वाढतो. एका वाणात नर ५० टक्के आणि दुसऱ्यात ९५ टक्के असतील, तर दिसणारा फरक बहुतांशी लिंगाचाच असतो. जेथे कायद्याने परवानगी आहे तेथे पिल्लांना पोहू लागताच दर किलो खाद्यात ६० मिलिग्रॅम मिथाइल टेस्टोस्टेरॉन घालून २१ ते २८ दिवस देतात. पण ही प्रक्रिया सगळ्या वाणांत सारखीच यशस्वी होईल असे गृहीत धरू नये. प्रत्येक वाणाची साधारण १०० पिल्ले घेऊन त्यांच्या जननग्रंथी अॅसिटोकार्मिनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. संप्रेरक वापरायचे नसेल तर मिश्र मासे ठेवता येतात, मात्र काढणीला प्रत्येक माशाचे लिंग नोंदवून नर व मादी यांची तुलना स्वतंत्रपणे करावी. मिश्र तळ्यात लवकर वयात येणारा वाण दुहेरी तोट्यात जातो: अंडी सांभाळणारी मादी जवळजवळ खात नाही, आणि नव्या पिल्लांनी भरलेल्या तळ्यात खाद्याचे वाटेकरी वाढतात. माझ्या मते वाढीची परीक्षा केवळ नरांवर घ्यावी आणि वयात येण्याचे वजन हा वेगळा गुण म्हणून नोंदवावा.

तिसरी पायरी: टाक्या किती

प्रयोगाचे एकक टाकी, हापा (पाण्यात बांधलेला जाळीचा कप्पा) किंवा तळे असते, मासा नव्हे. एका टाकीतील २०० माशांना एकच पाणी, एकच खाद्य आणि एकमेकांचा धाक असतो, म्हणून ते २०० स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. प्रत्येक वाणासाठी एकच तळे ठेवून शेकडो मासे मोजणारे प्रयोग याच ठिकाणी फसतात.

किती टाक्या लागतील याचा अंदाज एका सोप्या हिशेबाने येतो. एकाच वाणाच्या टाक्यांच्या सरासरी वजनात किती टक्के विचलन असते ते पूर्वानुभवातून घ्यावे, त्याला ओळखायच्या फरकाच्या टक्क्यांनी भागावे, वर्ग करून १६ ने गुणावे. विचलन ८ टक्के आहे आणि १० टक्क्यांचा फरक ओळखायचा आहे असे धरले, तर प्रत्येक वाणासाठी सुमारे १० टाक्या लागतात. नेहमीच्या तीन टाक्या घेतल्यास साधारण १८ टक्क्यांहून लहान फरक हाती लागण्याची आशा करू नये. एका पिढीची निवड १० ते १५ टक्के सुधारणा देते हे लक्षात घेता, तीन टाक्यांच्या प्रयोगातून ‘फरक आढळला नाही’ असे निघाले तर त्याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही.

टाक्या कमी असतील तर सर्व वाण एकाच तळ्यात एकत्र सोडण्याचा मार्ग आहे. साधारण १० ग्रॅमच्या पुढच्या माशाच्या पोटात सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक खूण बसवली की प्रत्येक मासा ओळखता येतो आणि पाण्याचा फरक आपोआप नाहीसा होतो. मात्र एकत्र ठेवल्यावर दांडगा वाण खाद्य बळकावतो आणि फरक प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. शिवाय कोणत्या वाणाने किती खाल्ले हे कळण्याचा मार्ग उरत नाही. कोणत्या टाकीत कोणता वाण जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, नाहीतर सावलीच्या कडेच्या टाक्या नकळत एकाच वाणाच्या वाट्याला येतात.

चौथी पायरी: खाद्य आणि पाणी

सर्व वाणांना एकाच गोणी-क्रमाचे खाद्य द्यावे. पिल्लांना ४० टक्क्यांच्या वर, बोटुकलींना ३५ टक्क्यांच्या आसपास आणि पुढे २८ ते ३२ टक्के प्रथिनांचे खाद्य सामान्यतः पुरते. त्याहून महत्त्वाचा निर्णय खाद्य देण्याच्या पद्धतीचा असतो. शरीराच्या वजनाच्या ठरावीक टक्क्यांनी खाद्य दिले, तर अधिक भूक असलेल्या वाणाला आपणच रोखून धरतो, आणि सुधारित वाणांची आघाडी बरीचशी अधिक खाण्यातूनच आलेली असते. म्हणून दिवसातून दोनदा पोटभर खाद्य द्यावे, अर्ध्या तासाने उरलेले दाणे काढून सुकवून वजन करावे आणि खाल्लेले प्रमाण टाकीनिहाय नोंदवावे. दर महिन्याला खाद्याचा नमुना हवाबंद पिशवीत गोठवून ठेवावा. त्याचा उपयोग पुढे चरबीच्या विश्लेषणात होतो.

खत घातलेल्या तळ्यात एक अडचण लक्षात ठेवावी. तेथे मासे प्लवंग आणि शेवाळही खातात, त्यामुळे दिलेल्या खाद्यावरून काढलेले रूपांतरण गुणोत्तर (एक किलो वाढीसाठी किती किलो खाद्य लागले) खाद्यापेक्षा तळ्याची सुपीकता अधिक सांगते. वाणाची खाद्यक्षमता मोजायची असेल तर स्वच्छ पाण्याच्या टाक्याच हव्यात.

पाण्याचे तापमान २७ ते ३२ अंश, विरघळलेला प्राणवायू पहाटेच्या वेळीही लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या वर आणि सामू ६.५ ते ८.५ असावा. तापमान दररोज नोंदवावे, कारण त्याशिवाय पुढचे सूत्र वापरता येत नाही.

पाचवी पायरी: वाढीचे मोजमाप

मासे २४ तास उपाशी ठेवून मोजावेत. भरल्या पोटाचे वजन म्हणजे वाढ नव्हे. लवंग तेल आधी थोड्या अल्कोहोलमध्ये मिसळून लिटरमागे साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम या प्रमाणात वापरले तर मासे शांत होतात. दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक टाकीतील ३० ते ५० मासे आणि शेवटी झाडून सगळे मोजावेत.

वाढ सांगण्याची तीन सूत्रे प्रचलित आहेत आणि तिन्ही एकाच आकड्यांतून वेगवेगळे निकाल देतात, याची कल्पना नसल्याने मोठे घोळ होतात. एक उदाहरण घेऊ. पहिल्या वाणाचे बीज ८ ग्रॅमचे होते आणि १५० दिवसांनी २३८ ग्रॅम झाले. दुसऱ्याचे २७ ग्रॅमचे होते आणि ३७३ ग्रॅम झाले. पाणी दोन्हीकडे सरासरी २८ अंश. दिवसाची सरासरी वाढ काढली तर पहिला १.५ आणि दुसरा २.३ ग्रॅम, म्हणजे दुसरा पुढे. विशिष्ट वृद्धिदर, म्हणजे अंतिम व आरंभीच्या वजनांच्या नैसर्गिक लॉगॅरिदममधील फरक भागिले दिवस गुणिले १००, काढला तर पहिला २.२६ आणि दुसरा १.७५ टक्के, म्हणजे आता पहिला पुढे! तिसरे सूत्र तापमानाधारित वृद्धिगुणांकाचे: अंतिम वजनाच्या घनमुळातून आरंभीच्या वजनाचे घनमूळ वजा करावे, सर्व दिवसांच्या तापमानांच्या बेरजेने भागावे आणि १००० ने गुणावे. ८ चे घनमूळ २, २३८ चे ६.२, २७ चे ३, ३७३ चे ७.२, दोन्हीकडे फरक ४.२, तापमानाची बेरीज ४२००, आणि गुणांक दोन्हीकडे नेमका १. म्हणजे दोन्ही मासे एकाच वक्रावर चालले होते, फक्त एक पुढून निघाला होता. विशिष्ट वृद्धिदर लहान माशाला नेहमीच झुकते माप देतो, म्हणून आरंभीची वजने वेगळी असताना तो वापरू नये. तापमानाधारित गुणांकावर भिस्त ठेवावी.

याखेरीज जगलेल्यांचे प्रमाण, खाद्य रूपांतरण गुणोत्तर आणि वजनातील विखुरलेपण नोंदवावे. मेलेल्या माशांचे वजनही रूपांतरणाच्या हिशेबात धरावे, नाहीतर अधिक मरतूक असलेल्या टाकीची खाद्यक्षमता आहे त्याहून वाईट दिसते. खवले, कातडी आणि काटे काढून उरलेल्या मांसाचे प्रमाण तिलापियात साधारण एक-तृतीयांश असते. ते एकाच कुशल हाताने, कोणता वाण आहे हे त्याला न सांगता काढून घ्यावे, कारण येथे सुरीचा फरक वाणाच्या फरकाहून मोठा ठरू शकतो.

सहावी पायरी: पोषणमूल्यासाठी मासे निवडणे

समान वजनाचे मासे मिळवण्याची सोपी वाटणारी रीत अशी: शेवटच्या दिवशी दोन्ही वाणांतून ३०० ग्रॅमचे मासे निवडावेत. ही रीत चुकीची आहे. वेगवान वाणातील ३०० ग्रॅमचा मासा हा त्याच्या कळपातला मागे पडलेला असतो, आणि सावकाश वाणातील ३०० ग्रॅमचा मासा आघाडीवरचा. भूक, स्थान आणि चरबीची साठवण या बाबतीत हे दोघे आपापल्या वाणाचे प्रतिनिधी नसतात.

त्याऐवजी प्रत्येक टाकीत जादा मासे सोडावेत आणि टाकीची सरासरी उदाहरणार्थ १००, २०० व ३०० ग्रॅमला पोहोचेल तेव्हा त्या त्या वेळी सरासरीच्या जवळचे पाच-सहा मासे काढावेत. तारखा वाणागणिक वेगळ्या येतील, आणि पाण्याचा हंगाम बदलत असेल तर तीही एक मर्यादा असते. तापमान स्थिर ठेवलेल्या टाक्यांत ती उरत नाही. शिवाय एका ठरलेल्या तारखेला सर्व वाणांचा नमुना घ्यावा. मग वजनाबरोबर चरबी कशी चढते याची रेघ प्रत्येक वाणासाठी काढता येते आणि दोन रेघांमध्ये खरेच अंतर आहे का, हे पाहता येते.

मासे बर्फात जलद शांत करून, मांस लगेच काढावे. पाठीचे मांस आणि पोटाकडची पट्टी यांतील चरबीत मोठा फरक असतो, म्हणून एकतर संपूर्ण काप दळून एकजीव करावा किंवा सगळ्यांचा एकाच जागेचा तुकडा घ्यावा. कातडी ठेवली की काढली हेही लिहावे. एका टाकीतील माशांचे मांस एकत्र करून एक नमुना करावा आणि उणे ८० अंशांत ठेवावा.

सातवी पायरी: प्रयोगशाळेतील विश्लेषण

कातडी काढलेल्या तिलापियाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण ७८ ग्रॅम पाणी, २० ग्रॅम प्रथिने, दोन ग्रॅमच्या आत-बाहेर चरबी आणि एक ग्रॅमच्या आसपास राख असते. १०५ अंशांत वजन स्थिर होईपर्यंत सुकवून पाणी, ५५० अंशांत जाळून राख आणि केल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून प्रथिने काढतात. यांत वाणांमधील फरक सहसा फार थोडा सापडतो, आणि अमिनो आम्लांच्या घडणीत तर त्याहूनही थोडा. अमिनो आम्लांवर खर्च करायचाच असेल तर नेहमीच्या आम्ल-विघटनात ट्रिप्टोफॅन नष्ट होते, त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते, हे प्रयोगशाळेशी आधी बोलून घ्यावे.

खरा विचार चरबीचा करावा लागतो. सॉक्सलेट उपकरणात पेट्रोलियम ईथरने चरबी काढण्याची पद्धत स्वस्त आहे, पण ती साठवणीची चरबी काढते आणि पेशीपटलातील फॉस्फोलिपिड बऱ्याच अंशी मागे ठेवते. कमी चरबीच्या मांसात फॉस्फोलिपिडांचा वाटा मोठा असतो आणि ओमेगा-३ मधील डीएचए मुख्यतः तेथेच असते. म्हणून तिलापियासाठी क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल वापरणारी फोल्श किंवा ब्लाय-डायर पद्धतच घ्यावी, आणि वायू क्रोमॅटोग्राफीत मेदाम्ले मोजताना ज्ञात वजनाचे अंतर्गत प्रमाणक (ज्याच्याशी तुलना करून इतर मेदाम्लांचे मिलिग्रॅम काढता येतात असे मेदाम्ल) घालण्यास सांगावे.

अंतर्गत प्रमाणकाचा आग्रह धरण्याचे कारण आहे. अहवालात मेदाम्ले बहुधा ‘एकूण मेदाम्लांच्या टक्क्यांत’ येतात. समजा एका वाणाच्या मांसात १ टक्का चरबी आणि मेदाम्लांत १० टक्के डीएचए, तर दुसऱ्यात ३ टक्के चरबी आणि ६ टक्के डीएचए आहे. टक्क्यांवर पहिला वाण जिंकतो. पण चरबीचे सगळे वजन मेदाम्लांचे नसते हे धरून खाणाऱ्याच्या ताटात १०० ग्रॅममागे पहिल्यातून साधारण ८० आणि दुसऱ्यातून १६० मिलिग्रॅम डीएचए पोहोचते. चरबी चढली की साठवणीतील इतर मेदाम्ले वाढून डीएचएचे टक्के पातळ होतात, एवढाच या विसंगतीचा अर्थ आहे. दोन्ही आकडे द्यावेत, पण निष्कर्ष १०० ग्रॅममागील मिलिग्रॅमवरून काढावा.

मेदाम्लांचा साचा वाणापेक्षा खाद्याच्या तेलातून अधिक येतो. सोयाबीन वा मक्याच्या तेलावर वाढलेल्या माशात ओमेगा-६ जास्त असते, जवसाच्या वा माशाच्या तेलावर ओमेगा-३ वाढते, आणि हा बदल वाढीच्या काळातील काही आठवड्यांतही दिसू लागतो. २००८ मध्ये अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळीव तिलापियात ओमेगा-३ च्या मानाने ओमेगा-६ जास्त असल्याकडे लक्ष वेधले तेव्हा दोष माशावर आला, वस्तुतः अशा प्रमाणात खाद्याचा मोठा हात असतो. म्हणून गोठवून ठेवलेल्या खाद्य-नमुन्यांचीही मेदाम्ले तपासावीत, आणि शक्य असेल तर प्रत्येक वाण दोन वेगळ्या तेलांच्या खाद्यांवर वाढवावा. एखादा वाण दोन्ही खाद्यांवर अधिक डीएचए साठवत असेल तरच तो गुण वाणाचा म्हणता येईल. सेलेनियमसारखी खनिजे खाद्य व पाण्याकडून येतात, मातकट वास जिओस्मिन तयार करणाऱ्या नील-हरित शेवाळामुळे येतो. या दोहोंवरून वाणाला नावे ठेवू नयेत.

आठवी पायरी: आकड्यांचे वाचन

विश्लेषणात टाकी हा यादृच्छिक घटक (टाकी-टाकीतील योगायोगाचा फरक वेगळा काढणारा) धरावा आणि चरबी व मेदाम्लांसाठी माशाचे वजन सहचल म्हणून, म्हणजे ज्याचा परिणाम वजा करून तुलना करायची असा आकडा म्हणून, घालावे. समान तारखेला दिसलेला चरबीतील फरक वजन हिशेबात घेतल्यावर नाहीसा झाला, तर अहवालात तसेच लिहावे: हा वाण अधिक चरबीचा नाही, तो लवकर मोठा होतो. फरक टिकून राहिला तर वाणाची चरबी साठवण्याची रीत वेगळी असल्याचा तो खरा पुरावा आहे. निरनिराळ्या पाण्यात किंवा खाद्यांवर प्रयोग केला असेल तर सरासरीपेक्षा क्रम बदलतो का हे आधी पाहावे. दोन्हीकडे पहिलाच वाण पुढे असेल आणि फक्त अंतर कमी-जास्त होत असेल तर निवड बदलण्याचे कारण नाही, पण क्रमच उलटत असेल तर एक सरासरी काढून दोन्ही ठिकाणांना तोच वाण सुचवणे चुकीचे ठरते.

प्रत्येक आकड्यासोबत माशाचे वजन, वय, लिंग, मांसाचा भाग, चरबी काढण्याची पद्धत आणि टाक्यांची संख्या छापावी. सर्व हिशेब पूर्ण होईपर्यंत प्रत्येक टाकीचा एक जादा मांस-नमुना आणि त्या महिन्याच्या खाद्याची एक पिशवी शीतकपाटात राखून ठेवावी, म्हणजे एखाद्या टाकीचा चरबीचा आकडा इतरांपासून फार दूर पडला तर तो वगळायचा की ठेवायचा यावर वाद घालण्याऐवजी नमुना पुन्हा तपासता येतो.